भास्करदादांचं पाच वाजताचं रान

"बाई, तुमच्या पत्र्यावर डाव्या पायाची एक चप्पल पडलीय," हे शेजारच्या भास्करदादांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी येडशीच्या शाळेत बदलून आले होते, सामान अजून टेम्पोतच होतं. ना नाव, ना गाव, ना जयभीम, थेट पत्रा! दुसऱ्या दिवशी म्हणाले, "भांग जरा डावीकडं जातोय तुमचा. वरनं लगेच दिसतंय." मी आठ दिवस डोक्यावर पदर घेऊन अंगणात फिरले.

जग माणसाला तोंडावरून ओळखतं, भास्करदादा टाळूवरून. समोर उभं राहून बोलावं तर हे आपल्या डोक्याच्या हातभर वर कुठंतरी बघत असतात. तीस वर्षं वायरमन होते, निम्मं आयुष्य खांबावर गेलेलं. निवृत्त झाल्यावर माणूस खाली उतरून निवांत बसतो. ह्यांनी ड्रोन घेतला आणि आणखी वर गेले. बायको वारलेली, मुलगी लातूरला दिलेली. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून कॉम्प्युटरशी बोलतात. "थांब की बाबा, कापतोय तुला," असं आतून ऐकू आलं की समजायचं, एडिटिंग चालू आहे.

लोक हौसेनं त्यांना लग्नाच्या शूटिंगला बोलावतात आणि मग कपाळाला हात लावतात. एकदा तेरखेड्याला गेले. तिथं घरोघरी फटाक्याचं काम, त्यात लग्न, मग काय विचारता! पहिला बार आभाळात फुटला तसा दादांनी ड्रोन जीव घेऊन गावाबाहेर पळवला. बाहेर नांगरलेल्या रानावरून एका ढगाची सावली चालली होती. झालं! दादा लागले तिच्या मागं. त्या कॅसेटीत (दादा अजून कॅसेटच म्हणतात) नवरा-नवरी दीड मिनिट आणि ढगाची सावली नऊ मिनिटं. नवऱ्याच्या बापानं फोनवर आकाशपाताळ एक केलं. दादा शांतपणे म्हणाले, "नवरा-नवरी घरातच हायत की, रोज बघा. ती सावली परत येनार हाय का?"

मी ती नऊ मिनिटं बघितली आहेत. खरं सांगते, चहा निवून गेला तरी कळलं नाही. ती सावली बांधावरून, विहिरीवरून, एका झोपलेल्या बैलावरून अशी अलगद गेली, की आपणच अंगावर गोधडी ओढून घेतल्यासारखं वाटलं.

पण ड्रोन काही सावल्यांसाठी घेतला नव्हता. घेतला होता भांडणासाठी. दादांचा धाकटा भाऊ गौतम. गावाच्या कडेला दोघांची रानं शेजारी शेजारी, मधे एक बांध. वाटणी झाल्यापासून दादांच्या डोक्यात बसलं, की गौतम दरसाल नांगराच्या फाळानं बोट बोट बांध कोरतोय. त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद झालं. रामलिंगाच्या डोंगराकडं तोंड करून एकाच वाटेनं दोघं जायचे, पण मुक्यानं. तेव्हा दादांनी शक्कल काढली. रोज संध्याकाळी बरोबर पाच वाजता, त्याच जागी, तेवढ्याच उंचीवरून त्या बांधाचा एक फोटो काढायचा. सगळे जोडले की बांध चालताना दिसणार. "पुरावा, बाई! तोंड उघडायला जागा न्हाय ऱ्हानार त्याला."

दोन वर्षं एक दिवस चुकला नाही. पोरीच्या लेकराच्या बारशालासुद्धा हे पाच वाजून गेल्यावर निघाले.

मग एकदा मला बोलावलं. पडदे ओढले, खुर्ची दिली. दोन वर्षं तीन मिनिटांत सरकली. काळं रान हिरवं झालं, सोयाबीन पिवळं पडलं, गेलं. ज्वारी उठली, वाऱ्यानं एका अंगाला झुकली, कापली गेली. विहिरीचं पाणी डोळा मिटल्या-उघडल्यासारखं वर आलं, खाली गेलं. सगळं रान झोपेत श्वास घेतंय असं वाटत होतं. आणि बांध? बांध बोटभरसुद्धा हलला नव्हता.

"दादा, बांध तर आहे तिथंच आहे."

"व्हय," ते हळूच म्हणाले. "लई दिवस झालं, म्हाईत हाय."

"मग कशाला काढताय अजून फोटो?"

मला पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसली होती. सगळं बदलत होतं, पण बांधाच्या पलीकडं एक पांढरा ठिपका रोज त्याच जागी होता. गौतमची टोपी.

"तितं त्याच्या मोटारीचं बटन हाय," दादा घाईनं म्हणाले.

"रानातली लाईट निम्मे दिवस रात्रीच असते. पाच वाजता बटन दाबून काय करतो तो?"

तीस वर्षं वायरमन असलेल्या माणसाला हे मी सांगायचं! त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि मला बळंच चहा पाजला.

गेल्या जानेवारीत ड्रोनवर घार आली. पंखा मोडला, ड्रोन दुरुस्तीला सोलापूरला गेला. पाच वाजले की दादा मोकळ्या हातानं गच्चीवर जायचे आणि उगीच उभे राहायचे. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी माझ्या दाराशी पांढऱ्या टोपीचा माणूस आला. चपला हातात, पायाला माती.

"बाई, दादा बरा हाय ना?"

"बरे आहेत. का हो?"

"धा-अकरा दिवस झालं, वर काय फिरलं न्हाय. रोज पाचला येतंय म्हनून म्या कामं सोडून तितं उभा ऱ्हातो. तेवढंच त्याला दिसावं, मी हाय म्हनून. इतकं दिस आलं न्हाय तवा नीट इकडंच आलो."

मी हाताला धरूनच त्याला शेजारी नेलं. दादा पडद्यापुढं बसले होते. गौतम मागं उभा राहून बघत राहिला. रान हिरवं झालं, पिवळं झालं.

"ह्यो ठिपका कोन?"

"तू," दादा मागं न वळता म्हणाले.

"आन् ह्यात तू कुठायस, दादा?"

दादांचा हात माऊसवरच राहिला. गौतमनंच खाकरून घसा साफ केला. "उद्या तूर काढायला घेतोय. मानसं कमी हायत."

तेव्हा दादांनी मान वळवली आणि भावाच्या तोंडाकडं बघितलं. थेट तोंडाकडं. म्हणाले, "किती वाळलास रं," आणि मग दोघंही रडले. मीही रडले, लपवायचं काय त्यात!

ड्रोन सोलापूरहून कधीच आलाय, खोक्यातच आहे. कुणी शूटिंगचं विचारायला आलं, की मी सांगते, सकाळी या. पाच वाजता दादा घरी नसतात.