बदलावं की बांधावं : एका इंजिनाचा अकरा वर्षांचा अहवाल

ज्या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात तो सर्वांत अवघड समजावा, कारण तिसरं उत्तर शोधण्यात फार वेळ जातो. आमच्या गाडीच्या इंजिनाबाबत असा वेळ आजअखेर अकरा वर्षं दोन महिने गेला असून तो सत्कारणी लागला, असं समितीचं एकमत आहे. (समितीचं एकमत झालेला हा एकमेव विषय.)

प्रथम गाडीविषयी. लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीपासून चार बोटं वर असलेली ही स्पोर्ट्स कार मी ऐन तारुण्यात, म्हणजे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, घेतली. आत बसायला गुडघे कानाशी न्यावे लागतात आणि बाहेर यायला दुसऱ्याचा हात लागतो. परंतु तिचं खरं वैशिष्ट्य इंजिनात आहे. साध्या गाड्यांच्या इंजिनात दट्टे वर-खाली होतात; आमच्या इंजिनात दट्टे नाहीतच. त्यात एक तिकोनी गोळा आहे आणि तो जागच्या जागी गरगर फिरतो. तिकोनाच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात. त्या झिजल्या की इंजिनाचा दम जातो, पाठोपाठ मालकाचा. हे मी कुणालाही चार मिनिटांत समजावून सांगू शकतो, आणि सांगतो. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचं प्रमाण पहिल्या दोन वर्षांतच निम्म्यावर आलं.

या गाडीच्या दुसऱ्या सीटवर दर रविवारी माझी मुलगी बसायची. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिचे पाय खाली टेकत नसत. तू मोठी होऊन शिकायला बाहेरगावी जाशील त्या दिवशी याच गाडीतून तुला सोडायला येईन, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. हे आश्वासन तोंडी असल्याने त्याची नोंद फाईलमध्ये आढळत नाही.

पुढे एका रविवारी घरात नवं कपाट यायचं होतं आणि वाटेत गाडी होती. बायको म्हणाली, चार फूट मागे घ्या. मी गाडी चालू केली, चार फूट मागे घेतली, लगेच बंद केली. कपाट आत गेलं. सोमवारी किल्ली फिरवली तर नुसती घरघर. गाडी चालू म्हणून होईना. अशी इंजिनं मध्येच जातात हे मी तीन निरनिराळ्या ठिकाणी वाचलेलं होतं. छापील गोष्टीवर अविश्वास दाखवण्याचा माझा स्वभाव नाही, तेव्हा इंजिन गेलं असं मी त्याच दिवशी लिहून तारीख घातली.

आता मार्ग दोन होते. एक, हे इंजिन काढून टाकून दुसऱ्या एखाद्या गाडीचं साधं दट्ट्यांचं इंजिन बसवायचं, म्हणजे बदलायचं. दोन, हेच इंजिन उघडून, पट्ट्या नव्या घालून पुन्हा उभं करायचं, म्हणजे बांधायचं. सामान्य माणसाने यातला एक मार्ग धरला असता. मी जुनी कागदपत्रं जतन करण्याच्या कचेरीत अधीक्षक आहे. आमच्या खात्यात निर्णय हा अगदीच नाइलाज झाल्यावर करायचा उपाय समजला जातो, आणि माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत तशी वेळ एकदाच आली. (त्या साहेबांची पुढे बदली झाली.)

सबब समिती नेमली. अध्यक्ष मी. पहिला सदस्य माझा मेव्हणा. याचं घड्याळांचं दुकान आहे. दुरुस्त करत बसू नका, नवं घ्या, हा त्याच्या धंद्याचा पाया असल्याने तो बदलण्याच्या बाजूचा. दुसरे सदस्य शेजारचे दातांचे डॉक्टर. मुळातला दात शेवटपर्यंत वाचवावा, असं त्यांचं शास्त्र सांगत असल्याने ते बांधण्याच्या बाजूचे. अशा रीतीने दोन्ही बाजूंना तज्ज्ञ मिळाले. इंजिनाचा तज्ज्ञ तेवढा कुणी नव्हता, पण त्यामुळे चर्चा मोकळेपणाने होऊ शकली.

बैठका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडीशेजारी तीन खुर्च्या मांडून होत आल्या आहेत. आजवरच्या कामकाजाचा गोषवारा असा: नियमित बैठका १३४. बदलण्याच्या बाजूने मतं १३४. बांधण्याच्या बाजूने मतं १३४. अध्यक्ष तटस्थ, १३४ वेळा. बॉनेटवर पडलेले चहाच्या कपांचे डाग सात, पैकी पाच डॉक्टरांचे.

सुरुवातीची काही वर्षं मुलगी बैठकीच्या वेळी गाडीतल्या तिच्या सीटवर वही घेऊन अभ्यास करत बसायची. मध्येच काच खाली करून विचारायची, ठरलं का? ठरत आलंय, असं मी सांगायचो. मग एका रविवारी तिचे पाय खाली टेकले, आणि त्यानंतर कधीतरी ती बसायची बंद झाली. ती जागा रिकामी राहू नये म्हणून मी तिथे फायली ठेवल्या.

माझ्या पत्नीने या काळात एकच सूचना ६१ वेळा केली. रस्त्याच्या वळणावर, आमच्या घरापासून चारशे पावलांवर वस्तादचं गॅरेज आहे, त्याला एकदा बोलावून दाखवा, अशी ती सूचना. तिची नोंद दर वेळी 'सभासद नसलेल्या व्यक्तीचं मत' म्हणून घेण्यात आली. आम्ही वस्तादला बोलावलं नाही याचं कारण साधं आहे. जाणकाराचं मत घेतलं की ते मानावं लागतं, आणि मग समितीने करायचं काय?

गेल्या महिन्यात मुलीला बाहेरगावी प्रवेश मिळाला. बारा तारखेला हजर व्हायचं होतं. तिने मला काही विचारलं नाही. ती चारशे पावलं चालत गेली आणि वस्तादला घेऊन आली. अकरा वर्षांत समितीकडून जे होऊ शकलं नव्हतं ते एका मुलीने चपला घालून केलं, याची नोंद घ्यावी की नाही यावर मतभेद आहेत.

वस्तादने बॉनेट उघडलं नाही. आधी सातही डाग पाहिले. मग विचारलं, "शेवटची बंद कशी केली होती?"

मी सांगितलं. चालू केली, चार फूट मागे घेतली, बंद केली.

"थंड होती?"

"रात्रभर उभीच होती."

वस्ताद हसला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणाला, "साहेब, काही गेलंबिलं नव्हतं. हे इंजिन थंड असताना चालू करून लगेच बंद केलं की पेट्रोल आत साचतं आणि ते गुदमरतं. प्लग काढून वाळवले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं."

"आणि आता?" मुलीने विचारलं.

"आता अकरा वर्षं एका जागी उभं आहे. पट्ट्या आत चिकटून बसल्यात. आता मात्र खरंच ठरवावं लागेल, बदलायचं की बांधायचं."

मी खाली मान घालून उभा होतो. मला लाज वाटली, हे खरं. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या आधी हायसं वाटलं. अकरा वर्षं आम्ही जो प्रश्न चर्चेला घेतला होता तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आमच्या सततच्या चर्चेमुळे तो अखेर अस्तित्वात आला. फार थोड्या समित्यांच्या नशिबी हे असतं.

परिस्थितीचं गांभीर्य ओळखून मी तातडीची बैठक बोलावली. सर्वांना सोयीची तारीख बारा निघाली, वेळ सकाळी नऊ. मुलीची बस अकराची होती. मेव्हणा स्वतःच्या साध्या, दट्ट्यांच्या, रोज चालू होणाऱ्या गाडीतून आला आणि ती त्याने फाटकाबाहेर लावली. त्या गाडीतून मुलीला सोडता येईल असं पत्नीने सुचवलं, परंतु मेव्हणा उठला असता तर गणसंख्या अपुरी पडली असती.

सव्वादहाला मुलगी बॅग घेऊन दारात आली.

"बाबा, मी निघते."

"एकच मुद्दा राहिलाय," मी म्हणालो.

तो मुद्दा महत्त्वाचाच होता. मेव्हण्याचं म्हणणं, दुसरं इंजिन बसवलं तर गाडी निदान रोज चालेल. पण ते जड पडतं, नाक खाली जातं, आणि बॉनेटखाली मावेल याची खात्री नाही. डॉक्टरांचं म्हणणं, बांधलं तर मूळचा आवाज आणि मूळचा डौल राहील. पण पट्ट्या झिजणारच, आणि पुन्हा कुणी चार फूट मागे घ्या म्हटलं तर काय? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. बदलावं तर ती गाडी ती गाडी उरत नाही. बांधावं तर मालक हाच मालक उरतो. बैठक दुपारी दीडपर्यंत चालली. मतं, एकास एक. अध्यक्ष तटस्थ.

कोंडी फोडण्यासाठी आता हा अहवाल जनतेपुढे ठेवून मतं मागवण्यात येत आहेत. आपण गाडी पाहिलेली नाही आणि तिकोनी गोळ्याविषयी आजच प्रथम ऐकलं असेल, तरी इथवर वाचताना बदलावं की बांधावं याबद्दल आपलं काहीतरी मत झालंच असणार. ते मोकळेपणाने कळवावं.

मात्र गेले दोन परिच्छेद तो विचार करताना पोरगी बसस्टँडवर कशी पोचली, ती बॅग कुणी उचलली, हे आपल्याला विचारावंसं वाटलं नसेल, तर मत कळवण्याची तसदी घेऊ नये. थेट पुढच्या पहिल्या रविवारी यावं. चौथी खुर्ची मांडलेली असेल. अध्यक्षांनीही ते अजून विचारलेलं नाही.