येसाक्काची झोप आणि जंगलाचा मातृदिन

मुलांनो, घटकाभर आईला हाका मारणं थांबवा आणि इकडे या. एका जंगलात येसाक्का नावाची रानडुकरीण राहत होती. तिला नऊ पिल्लं होती आणि एक नवरा होता. म्हणजे दहाच धरा.

नवऱ्याचं नाव दंताजी. तो दिवसभर चिखलात लोळत जंगलाच्या भवितव्याची काळजी करी. येसाक्का कंद उकरी, पिल्लांना पाजी, त्यांची भांडणं सोडवी आणि दंताजीला कंद सोलून देई. न सोललेला त्याला पचत नसे.

एकदा भर दुपारी कंद उकरताना येसाक्काला उभ्याउभ्याच डुलकी लागली. जाग आली तेव्हा समोर आठच पिल्लं होती. नववं ओढ्यात गटांगळ्या खात होतं. तिने उडी मारली आणि त्याला शेपटाला धरून बाहेर ओढलं.

दंताजी काठावरच लोळत होता. "अगं, मी केव्हापासून तुला हाका मारतोय!" तो म्हणाला.

पिल्लू वाचलं. येसाक्का तशीच ओल्या अंगाने सिंहमहाराजांच्या दरबारात गेली.

"महाराज, वर्षातून एक दिवस द्या. त्या दिवशी बापांनी पोरं सांभाळावीत आणि आयांनी झोपावं. बाकी काही नको."

महाराजांचे डोळे भरून आले. "आई! माझी आई! प्रधानजी, कुठे असते हो ती हल्ली?"

"मागच्या गुहेत, महाराज," कोल्हा प्रधान म्हणाला. "असावी."

ताबडतोब समिती नेमण्यात आली. अध्यक्ष कोल्हा. सदस्य लांडगा, मोर आणि दंताजी.

"समितीत एखादी आई नको का?" येसाक्काने भीतभीत विचारलं.

"तुम्हाला वेळ कुठे असतो, वहिनी?" कोल्हा कळवळून म्हणाला.

समितीने तीन महिने खल केला. झोपेवर पहिल्याच बैठकीत फुली पडली. झोपलेल्या आईला हार कसा घालणार? शिवाय झोपलेली आई इतर कुणाही झोपलेल्यासारखीच दिसते, त्यात मातृत्व उठून दिसत नाही, असं मोराचं म्हणणं पडलं. ते सगळ्यांना पटलं.

शेवटी मातृदिनाचा कार्यक्रम जाहीर झाला. उजाडता उजाडता आयांची प्रभातफेरी. मग 'आईच्या हातची चव' ही स्पर्धा. साऱ्या जंगलाचं जेवण त्यातच उरकायचं होतं. जेवणानंतर सत्कार आणि भाषणं. पिल्लांना आंघोळ घालून, नटवून आणणं सक्तीचं.

"आणि बापांनी काय करायचं?" येसाक्काने घरी विचारलं.

"आम्ही भारावून जायचं," दंताजी म्हणाला.

तयारीच्या धांदलीत येसाक्काच्या डोळ्याला डोळा लागला नाही. नऊ पिल्लं घासूनपुसून, प्रभातफेरी करून, शंभर जणांचे कंद सोलून ती मंचावर आली. कल्पना तिची, म्हणून तिला मानाची शाल मिळाली आणि जागा मिळाली थेट राजमातेच्या शेजारी. म्हाताऱ्या सिंहिणीला दोन तरसांनी धरून आणलं होतं. महाराज भाषणाला उभे राहिले.

"आई म्हणजे न विझणारा दिवा! आई म्हणजे न आटणारा झरा!"

राजमातेने कान टवकारले. "बाई, हा बोलतोय तो माझाच ना गं?"

"हो, आईसाहेब."

"आवाज ओळखीचा वाटला."

मग म्हातारीने येसाक्काकडे नीट पाहिलं. "तू बसल्या बसल्या पडशील गं. टेक माझ्या अंगाला. एके काळी खाल्लं असतं तुला. आता दात नाहीत. टेक."

येसाक्का टेकली. म्हातारीचं अंग उबदार होतं.

"आई म्हणजे ती," महाराज गरजले, "जी कधीच झोपत नाही!"

त्याच क्षणी ध्वनिक्षेपकातून साऱ्या जंगलाला घोरणं ऐकू आलं. दोन सुरांतलं.

एकच गहजब झाला. तिथेच चौकशी झाली. राजमाता डोळे मिटून चिरंजीवांच्या भाषणाचा आनंद घेत होत्या, असं निष्पन्न झालं. येसाक्का मात्र झोपली होती. मातृदिनाला, भर मंचावर! मातृत्वाचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता. तिच्या अंगावरची शाल काढून घेण्यात आली. पुढच्या रांगेत दंताजीने शरमेने मान खाली घातली.

"महाराज, मी तेवढंच तर मागितलं होतं," येसाक्का म्हणाली. "नको मला हा दिवस. रद्द करा. पाया पडते."

कोल्हा महाराजांच्या कानाला लागला. महाराजांचे डोळे पुन्हा भरून आले.

"ऐकलंत? स्वतःसाठी एक दिवससुद्धा नको म्हणते! याला म्हणतात आई!"

आणि पुढच्या वर्षापासून त्यांनी मातृसप्ताह जाहीर केला.

टाळ्यांनी जंगल दणाणलं. येसाक्का उठली आणि पिल्लांना घेऊन कंद उकरायला निघाली. भाषणं ऐकून दंताजीला सपाटून भूक लागली होती.

तात्पर्य: मुलांनो, आईने काही मागितलं तर गोंधळून जाऊ नये. ताबडतोब तिचा सत्कार करावा, म्हणजे ते द्यावं लागत नाही.