दोनदा पाहिलेला पंखा

छताचा पंखा कोसळतानाचा तो व्हिडिओ मुद्रितशोधकांनी दोनदा पाहिला आणि तिथंच घात झाला. आवड वगैरे काही नव्हती. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून सवय हाडात मुरली होती. हातात आलेलं शेवटपर्यंत पाहायचं, मग पुन्हा एकदा पाहायचं. छापखान्यात त्यांचं नावच 'पूर्णविराम' पडलं होतं.

मोबाइलला बिचाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? या गृहस्थांना पडझड फार आवडते, असा त्यानं समज करून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यात गिझर फुटला, तिसऱ्या दिवशी लिफ्टची तार तुटली. पूर्णविरामांनी तेही दोनदा पाहिलं. आठवड्याभरात घरातले पंखे बंद झाले, आंघोळी गार पाण्यानं होऊ लागल्या आणि बायकोला भाजीची पिशवी घेऊन पाच मजले चढणं आलं. वर आल्यावर ती जे बोलायची, ते छापण्याजोगं नाही.

मग बसच्या चाकांची पाळी आली, तेव्हा मात्र पूर्णविराम खरोखर घाबरले. सोमवारी लेक पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला परगावी निघणार होती, तीही बसनं. रविवारी सकाळी त्यांनी तिची बॅग कपाटात कोंडली आणि किल्ली खिशात टाकली.

"नोकरी काय, इथंही मिळेल," ते म्हणाले. "धावत्या बसचं चाक निखळतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"किती वेळा?" लेकीनं विचारलं.

"सोळा. बस आठच होत्या."

लेक भांडली नाही. शेजारी बसून तिनं आपला मोबाइल दाखवला. त्यात नोकरीला निघालेल्या मुली होत्या, नव्या खोल्या होत्या. एक चाक निखळेल तर शपथ.

"बाबा, तुम्ही घाबरून थांबता, त्याला वाटतं तुम्हाला आवडलं. मग तो आणखी दाखवतो. अर्धवट सोडायला शिका."

अर्धवट सोडायचं म्हटल्यावर त्यांना घामच फुटला. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी पाहून त्यांनी किल्ली काढून दिली. बाबा एवढे कशाला घाबरले ते कळावं, म्हणून तिनं ते आठही व्हिडिओ आपल्या मोबाइलवर घेतले.

सोमवारी बस सुटली. तासाभरानं फोन आला.

"बाबा, मागचं चाक खडखडतंय," लेक कुजबुजली. "कालपासून मला सगळं तेच दिसतंय. मी प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघितला."

पूर्णविराम जन्मात पहिल्यांदाच म्हणाले, "अर्धवट सोड, बाळा. खिडकीबाहेर बघ."

फोन ठेवून ते उठले. पंखा लावला आणि खुर्ची जरा बाजूला सरकवून बसले.