उतू गेलेला गॅस

साहेब अकराच्या बसनं यायचे होते, आणि सकाळी आठलाच हेमचंद्राची लोखंडी टाकी गॅस भरून शेणकाल्यातून वर येऊन वरबापासारखी फुगून बसली होती.

साल शहाऐंशीचं. आदिलाबादच्या गोबरगॅस वर्गात हेमचंद्रानं दोन महिने काढले होते. खड्डा बांधणे, पाइप जोडणे, शेणात तेवढंच पाणी कालवणे, आणि कालवताना चेहरा गंभीर ठेवणे, एवढं शिक्षण झालं होतं. शेवटची परीक्षा आपापल्या गावी. साहेबांना निळा जाळ दाखवायचा, त्यावरचा चहा पाजायचा. जमलं तर सर्टिफिकेट आणि टेक्निशियनची नोकरी. न जमल्यास वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, सोय करून ठेवलीच होती.

"कापूस वेचाले बाया कमीच पडून राह्यल्या," ते म्हणाले होते.

हेमचंद्रानं शेगडी पेटवली. निळा जाळ पाहून त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात आई, रेणुकाबाई, घासून लख्ख केलेला जर्मनचा गंज, दुधाचं पातेलं, घेऊन आली.

"नव्या चुलीवर पह्यले दूध उतू गेलं पायजे."

"आई, साहेब येऊन राह्यले!"

"मंग येऊ दे. अपशकुनावर चहा पाजतं काय त्याईले?"

दूध उतू गेलं, जाळ विझला. हेमचंद्रानं शेगडी पुसली, पुन्हा पेटवली. वळून पाहतो तर दारात शेजारच्या जयवंताबाई, हातात गंज.

"काकू, तुमी काऊन?"

"काऊन म्हंजे? खड्डा भराले दोन टोपले शेण कोनी देल्लं? शेण माह्या म्हशीचं अन् दूध तुमचंच उतू जाते काय?"

यावर वर्गात काही शिकवलं नव्हतं. खड्डा पहिल्यांदा भरायला अख्ख्या आळीनं शेण दिलं होतं, आणि तासाभरात अख्खी आळी घासून लख्ख केलेले गंज घेऊन ओसरीवर बसली. रुक्माबाईंनी तीन टोपली दिली होती, म्हणून त्यांनी तीन गंज आणले.

"मावशी, एकात काम होते नं!"

"शेण एका टोपल्यात घेतलं होतं काय रे?"

दर उतू जाण्याला जाळ विझे, टाळ्या होत, आणि टाकी चार बोटं खाली जाई. अकरावा गंज उतरला तेव्हा वरबाप तळाला टेकला होता.

व्यंकटराव साहेब आले. हेमचंद्रानं काडी ओढली. काडी छान जळली, तेवढीच.

"चहा तर घ्या, सायेब," रेणुकाबाई घाईनं म्हणाल्या. चहा मागच्या दारच्या चुलीवरून आला होता.

साहेबांनी घोट घेतला. "धुराचा वास येतो, बाई."

"गॅस नवा हाय नं, सायेब."

हेमचंद्राला डोळ्यांसमोर कापसाचं अख्खं शिवार दिसलं. साहेब मात्र उठून कुंपणाकडे गेले. तिथं अकरा गंज पालथे घातले होते, आपापल्या घरी मिरवत न्यायचे म्हणून न धुता, दुधाच्या ओघळांसकट. साहेबांनी एकाच्या बुडावर बोट फिरवलं. बोट कोरं. मग चहाच्या गंजाच्या बुडावर फिरवलं. बोट काळंकुट्ट.

"हे दूध कशावर उतू गेलं?"

"माह्या शेणावर!" जयवंताबाई गरजल्या.

"दोन टोपल्यांची काय ऐट!" रुक्माबाई म्हणाल्या.

साहेबांनी शांतपणे लिहिलं, 'जाळ पाहिला नाही. अकरा गंजांची बुडं पाहिली. काजळी नाही. पास.'

"अन् हे पाहा," जाताना ते हेमचंद्राला म्हणाले, "पुढच्या वेळी शेण एकाच घरचं घ्या."

पुढे गुडीहत्नूरपासून बासरपर्यंत हेमचंद्रानं किती खड्डे बांधले याला गणती नाही. कुठंही काम संपलं की तो पाइप तपासण्याआधी विचारी, "शेण किती जनींनं देल्लं?" आणि तेवढे दिवस सोडून साहेबांना तारीख देई.

ती आळी पांगली. टाकीही गंजून मोडीत गेली. सर्टिफिकेटवरची शाई इतकी उडाली, की हेमचंद्र पास झाला की नापास, हे आता भिंगातूनही कळत नाही. पण रेणुकाबाईंनी त्या दिवशीचा तो पहिला दुधाचा गंज पुन्हा कधी लाकडाच्या चुलीवर चढवला नाही. बाहेरून ओघळलेलं करपलं दूध त्यांनी खरडूही दिलं नाही. घरी कोणी आलं की त्या गंज फळीवरून काढत, पालथा करत आणि म्हणत,

"बोट फिरवून पाहा. माहा पोरगा पास हाय."