भावजींचा गळीत हंगाम

कॉम्प्युटर बिनतक्रार चालायला लागला की आमच्या शेजारच्या भावजींना जेवण जात नाही. मग ते पेनड्राइव्ह खुपसतात, आतलं सगळं पुसतात आणि दुसरी सिस्टीम चढवतात. सिस्टीम म्हणजे काय, ते मलाही उशिराच कळलं. कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ते. आपलं विंडोज एक, तसंच उबुंटू, मिंट आणि आणखी कितीतरी. लोक एकीवरच जन्म काढतात. भावजींनी आजवर किती नांदवल्या आणि किती माहेरी धाडल्या, मोजायचं मी सोडून दिलंय.

माणूस साखर कारखान्यात वजनकाट्यावरून रिटायर झालेला, तेव्हा भाषा तीच. हंगाम सुरू होताना उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकतात ना, तशी हे नव्या सिस्टीमची ‘मोळी टाकतात’. नारळ फोडून! कुंपणावरून हाक येते, “वहिनी, या बिगीनं, मोळी हाय!” मी हात पुसत जाते. खोबरं मिळतं, खोटं कशाला बोलू.

मग उतारा काढायचा. उसाचा उतारा म्हणजे साखर किती निघते ते. सिस्टीमचा उतारा दुधावर. इकडं बटण दाबायचं, तिकडं गॅसवर दूध ठेवायचं. उतू जायच्या आत उघडली ती पास.

“उबुंटू दिसाया देखनी, पन खाती लई. मिंट गरीब. सांगंल तेवढं करती.”

“आणि विंडोज?”

“तिचं नाव काढू नका! नवीन घालाया गेलो तर तोंडावर म्हनली, तुमचं मशीन माज्या लायकीचं न्हाई!”

आतून त्यांच्या बायकोचा, इंदूचा आवाज आला, “अन् माजं दूध गेलं शेगडीवर, त्याचा उतारा कोन काढनार?”

खरा वैताग त्यांच्या सचिनला. तो पुण्याला असतो. रविवारी नात दाखवायला व्हिडिओ कॉल लावावा, तर इकडं मशीन उघडून पडलेलं. नातीचे फोटोही एका मोळीत गेले ते गेलेच. म्हणून या दिवाळीला तो ठरवूनच आला. मला म्हणाला, “काकू, एकच सिस्टीम घालतो आणि पासवर्ड लावून जातो. पप्पांना परत काही बदलताच येणार नाही.”

तो गावात गेला तसे भावजी आमच्या दारात उभे. “वहिनी, त्याला सांगा. फोटो मी येगळं ठिवीन. रईवारी हात लावनार न्हाई. पन कुलूप नको.”

“अहो, चांगलं चालतंय तर पुसायचंच कशाला?”

“चला, दावतो.”

शेवटची म्हणून मोळी टाकली. नारळ नाही, दूध नाही. पडद्यावर एकेक प्रश्न येत गेला. भाषा कोणती? मराठी. राहता कुठं? तेही झालं. मग आलं, तुमचं नाव काय? भावजींनी एकदा मागं वळून बघितलं आणि एका बोटानं टाइप केलं: मधू.

इंदूचे ते ‘अहो’, सचिनचे ‘पप्पा’, माझे ‘भावजी’, कारखान्यात ‘काटेसाहेब’. मधू म्हणणाऱ्या एकट्या तिसगावच्या आक्का, त्यांची थोरली बहीण. त्या मागच्या पावसाळ्यात गेल्या.

“नवी असली की आधी नाव इचारती,” भावजी पडद्याकडं बघतच म्हणाले. “जुनी झाली की तिलाबी नुस्तं काम दिसतं.”

सचिन आल्यावर मी त्याला म्हटलं, “कुलूप राहू दे बाबा. फोटो माझ्याही फोनवर टाकत जा, म्हणजे झालं.” त्यानं कारण विचारलं. मी चिवड्याची बशी पुढं केली.

दोन दिवसांनी भाऊबीज. पाट मांडला, निरांजन लावलं आणि कुंपणाशी गेले. मी त्यांच्याहून चांगली थोरली, तरी इतक्या वर्षांची जीभ वळेना. ‘भाव’ इथवर आलेसुद्धा. मग डोळे मिटून ओरडलेच, “मधू! ये रे, पाट मांडलाय!”

पलीकडं काहीच हालचाल नाही. मला वाटलं, चुकलंच आपलं.

मग इंदूचा आवाज आला, “अहो, बसलाय काय? तुमालाच बोलिवत्यात.”