मैदानाचं माप

रविवारी दुसऱ्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक टोपीवाले मैदान मोजायला येणार हे ठरल्यापासून सर आपली कापडी टेप उशाखाली घेऊन झोपत होते. टेपचं चामड्याचं गोल घर मानेला टोचे, सकाळी मान वळता वळत नसे. पण ती क्रीडाविभागाच्या कपाटात ठेवायला त्यांचं मन धजेना. कपाटाची किल्ली शिपायाकडे असायची, आणि शिपायाचा मेहुणा टोपीवाल्यांच्या कॉलेजात कारकून होता.

"मेहुण्याला काय करायचीय तुमची टेप?" बायकोने विचारलं.

"पुढून बोटभर कापली तरी कुणाला कळत नाही."

"तुम्हाला बरं असलं सुचतं."

"सुचतं म्हणून तर इतकी वर्षं टिकलोय."

ते काही खोटं नव्हतं. सरांनी कॉलेजात ॲथलेटिक्स उभं केलं ते संशयाच्या बळावरच. ते नोकरीला लागले तेव्हा मैदान म्हणजे झुडपं आणि दगडगोटे, आणि विभागाची मालमत्ता म्हणजे एक शिट्टी आणि एक मोडका भाला. धावणारं कुणीच नव्हतं. पण एक मुलगी रोज फाटकातून उशिरा आत येते आणि तरी हजेरीला वर्गात असते, हे त्यांना खटकलं. चार दिवस झाडामागे उभं राहून त्यांनी तिच्यावर घड्याळ लावलं आणि कॉलेजला पहिली धावपटू मिळाली. ग्रंथालयाची भिंत ओलांडून पळणारा उंच उडीला लागला. कॅन्टीनमध्ये भांडण झाल्यावर ज्याने ट्रे भिरकावला, त्याची शिक्षा माफ करून घेऊन सरांनी त्याला थाळीफेकीत घातलं. मैदान त्यांनी स्वतः साफ केलं, याच टेपने आखलं, कडेने दगड पुरले. दर दोन वर्षांनी ते माप पुन्हा तपासत. त्याच टेपने. ते दर वेळी तंतोतंत भरे.

एक गोष्ट मात्र त्यांना कधी उलगडली नव्हती. पोरं सरावात सुमार धावत आणि बाहेर स्पर्धेला नेलं की भलतीच सुटत. सरांनी त्याचा एकच अर्थ लावला होता: कामचुकारपणा. बाहेर लोक बघतात म्हणून पळतात, इथे आपल्याला बनवतात. म्हणून ते जास्तीच्या फेऱ्या लावत आणि शेवटचं पोर रेषा ओलांडेपर्यंत घड्याळ घेऊन उभे राहत. त्यांची स्वतःची लेक याच मैदानावर धावली होती. तिला तर हे जेवतानाही ऐकावं लागे.

यंदा निवृत्तीच्या वर्षी पहिल्यांदाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सरांच्या मैदानावर व्हायच्या होत्या. माप चुकलं तर त्या टोपीवाल्यांकडे जाणार होत्या, आणि मापन समितीचे प्रमुख होते खुद्द टोपीवाले. हा माणूस वर्षानुवर्षं सरांच्या पोरांकडून हरत आला होता आणि दर वेळी बक्षीस समारंभात टोपी काढून, हसून म्हणायचा, "तुमचं मैदान एकदा बघायला पाहिजे, सर." त्या हसण्यात काय होतं ते सरांना चांगलंच कळत होतं. मैदान आखूड आहे, असं त्याला म्हणायचं होतं.

रविवारी टोपीवाले नवीकोरी पोलादी टेप घेऊन आले. सरांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली, शून्याचा आकडा नखाने खरवडला. आपली टेप पुढे केली तेव्हा टोपीवाल्यांनीही अगदी तसंच केलं. मग दोघेही पोलादी टेपच्या दोन टोकांना उकिडवे बसून एकमेकांच्या बोटांवर नजर ठेवत मैदानाभोवती सरकू लागले. दोघांचा एकमेकांवर इतका विश्वास होता की प्रत्येक खूण दोघेही आपापल्या हाताने करत होते.

फेरी पूर्ण झाली तेव्हा टोपीवाले पुन्हा मोजू म्हणाले. पुन्हा मोजलं. सरांनी टेप बदलायला लावली. कॉलेजात काम करणाऱ्या सुताराची आणली, मग गवंड्याची. तिन्ही टेपांचं एकमत झालं. मैदान आखूड नव्हतंच. ते लांब होतं, चांगलं दहा-बारा पावलं.

टोपीवाल्यांनी टोपी काढली. या वेळी ते हसत नव्हते.

"मानलं तुम्हाला," ते हळूच म्हणाले. "पोरांना रोज जास्त पळवायचं, वर आळशी म्हणायचं. इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही. काय बेरकी डोकं आहे हो!"

मुद्दाम केलं म्हणावं तर खोटं, चुकून झालं म्हणावं तर आयुष्यभराची नाचक्की. सरांनी घसा खाकरला. टोपीवाल्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. एका टोकाचं वळण आत घ्या, स्पर्धा इथेच होतील, असं सांगून ते निघाले. जाताना त्यांनी सुताराला त्याची टेप विकतोस का म्हणून विचारलं; आपलंही मैदान गुपचूप लांबवायचं त्यांच्या मनात आलं असावं.

घरी सर न जेवता बसून राहिले. लेक स्पर्धांसाठी माहेरी आली होती. तिने आणि आईने मिळून सगळं हळूहळू काढून घेतलं. कापडी टेपचं नाव निघताच बायको उठून स्वयंपाकघराकडे निघाली, दारात थांबली आणि परत आली.

"ती तीच का, लग्नानंतर आणलेली? तेव्हा घरात दोरी नव्हती. मी तिच्यावर दोन दिवस चादरी वाळत घातल्या होत्या. ओल्या."

"आणि हे आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुमचा संशय सगळा बाहेरच्यांवर."

चादरींच्या वजनाने टेप ताणली गेली, ताणलेल्या टेपने मैदान आखलं, आणि त्या मैदानाने ढाली आणल्या. सरांनी मनातल्या मनात ही साखळी पुन्हा पुन्हा तपासली. तिच्यात त्यांना स्वतःची जागा कुठे सापडेना. एवढी वर्षं आपण घडवलं म्हणून मिरवलं ते सगळं चादरींनी केलं होतं.

"आम्हाला माहीत होतं, बाबा," लेक म्हणाली.

सरांनी मान इतक्या झटकन वळवली की ती पुन्हा अवघडली. "कुणाला?"

"सगळ्यांना. बाहेर पहिल्यांदा धावलं की कळतंच, रेषा लवकर येते. मग सीनियर बाजूला घेऊन सांगतात, सरांना बोलायचं नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं असतंत आणि आमच्या ढाली गेल्या असत्या."

"इतक्या बॅच? एकानेही तोंड उघडलं नाही?"

"कामचुकार म्हणून ऐकून घ्यायचं. तेवढं परवडत होतं."

सर मग जरा चिरक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे माझं त्यात काही नव्हतंच."

"लांब रस्ते गावात पुष्कळ आहेत. शेवटचं पोर येईपर्यंत तिथे कोण उभं राहतं?"

"मी उभा राहायचो ते तुम्ही मधूनच आडवं कापून जाऊ नये म्हणून."

"तेही माहीत होतं," लेक म्हणाली आणि त्यांच्यासमोर ताट ठेवलं. सर जेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी गवंड्याच्या टेपने वळण आत घेतलं आणि चुन्याची नवी फक्की मारली. सराव सुरू झाला. पहिल्या फेरीला मुली नव्या रेषेने धावल्या, भराभर आल्या. दुसऱ्या फेरीत वळणावर काहीतरी गडबड दिसली. सर डोळे बारीक करून पाहू लागले. सगळ्या मुली फक्की सोडून बाहेर सरकल्या होत्या आणि जुन्या दगडांच्या कडेने, एकीमागे एक, चोरट्या नजरेने त्यांच्याकडे बघत पळत होत्या.

सरांचा हात शिट्टीकडे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि मैदानाकडे पाठ करून फाटकाबाहेरचा रस्ता न्याहाळत उभे राहिले. मागे पावलांचा आवाज वळण घेऊन जवळ आला, अगदी जवळ आला आणि पुढे गेला. शेवटच्या मुलीची पावलं ऐकू येऊन विरेपर्यंत ते हलले नाहीत.