तळघराचा स्वतःचा अल्बम

"आई, या वेळी तू मला ऐकणार! कानात बोटं घातलीस तरी ऐकणार!"

तळघराने ही गर्जना केली तेव्हा त्याची आई भाजी निवडत होती. तळघर हे नाव वादकांनी ठेवलेलं. बेस गिटार वाजवणारा माणूस. त्याचा सूर सगळ्या गाण्याच्या खाली असतो, अख्खी इमारत त्याच्यावर उभी असते, आणि घर दाखवताना तळघर मात्र कुणी दाखवत नाही! फंक आणि सोल या ठेक्यावर चालणाऱ्या पाश्चात्त्य गाण्यांत तर त्याच्यावाचून पान हलत नाही. पण आईला हे कोण पटवणार? तो ज्यात वाजवी तो प्रत्येक अल्बम ती इमानेइतबारे ऐके आणि शेवटी विचारी, "छान आहे रे. पण यात तू कुठे आहेस?"

या प्रश्नाने तो पुरता खचला होता. आता मात्र अल्बम त्याचा स्वतःचा! मुख्य गाण्याच्या मधोमध त्याने एक जागा मोकळी राखली होती. तिथे सगळ्यांनी गप्प बसायचं आणि त्याने एकट्याने वाजवायचं. खास आईसाठी.

ड्रमवाल्याला सोबत घेऊन त्याने आपलं वाजवून ठेवलं. पाहुणे कलाकार सवडीप्रमाणे एकेक करून स्टुडिओत यायचे होते, आणि तिथेच माशी शिंकली.

पहिला आला ट्रम्पेटवाला, जुना दोस्त. मधली जागा आली तरी गडी थांबेचना, निम्मी जागा खाऊनच दमला!

"अरे, तिथे थांबायचं ठरलं होतं," तळघर चाचरत म्हणाला.

"थांबणारच होतो! पण पुढे कुणीच नाही! म्हटलं, कुणीतरी पाहुण्याने आयत्या वेळी टांग दिली वाटतं. मित्राची लाज राखायला नको?"

"मी होतो ना तिथे!"

"तू तर असतोसच रे!"

भीड भिकेची बहीण म्हणतात. तळघराकडे तर ती बिऱ्हाड थाटूनच राहिली होती. "राहू दे," तो म्हणाला. निम्मी जागा अजून शिल्लक होती.

मग आल्या ऑर्गनवाल्या काकू. त्यांच्यासमोर तो अजूनही आदराने खुर्चीच्या कडेवरच बसे.

"किती उघडं पडलंय रे हे! ऐकून हुडहुडी भरते. मी वरून नुसती सुरांची शाल घालते हं."

शाल कसली, चांगली जाडजूड गोधडी निघाली! "कशी वाटली?" काकूंनी विचारलं. "ऊबदार," तळघर म्हणाला.

शेवटी गायिका. "मी शब्द नाही हो म्हणत, नुसता एक उसासा टाकते." तो उसासा इतका लांबला, की काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने घाबरून पाण्याचा पेला भरून ठेवला. बाहेर आल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "फार एकाकी जागा होती हो ती. कसं तुम्ही सहन केलंत?"

पाहुणे गेले. रेकॉर्डिस्टने डोकं खाजवलं.

"दादा, मध्ये फार गर्दी झालीये. कुणाचा तरी आवाज अगदी खाली न्यावा लागेल. कुणाचा नेऊ?"

तळघराने एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. दोस्त रुसेल. काकू दुखावतील. गायिका तर रडायलाच लागेल. कधीच न रुसणारा असा एकच वादक उरला.

"माझा न्या," तो म्हणाला, आणि त्याला खूप वाईट वाटलं.

अल्बम तयार झाला. आई हात पुसून, पदर सावरून स्पीकरला कान लावून बसली. समोर चोरासारखा तळघर. आता मधली जागा येणार, आणि मग तो प्रश्न येणार! त्याने बटण दाबलं.

गाणं सुरू होतं न होतं तोच आई ओरडली, "थांब, थांब! बंद कर!"

"काय झालं?"

"हा तूच ना रे? एक, दोन, तीन, चार?"

तळघराने कपाळावर हात मारला. ड्रमवाल्याला लय कळावी म्हणून त्याने सुरुवातीला आकडे मोजले होते. रेकॉर्डिस्ट ते कापायलाच विसरला होता!

"हो, मीच. पण आई, ते चुकून..."

आईचे डोळे भरून आले होते. "किती स्वच्छ मोजलंस रे! शाळेत तिनाच्या पुढे अडखळायचास."

"अगं, खरं गाणं पुढेच आहे. मोठमोठे पाहुणे आहेत त्यात!"

"असू देत. तू परत पहिल्यापासून लाव," आई आणखी जवळ सरकली, "आणि ते लोक सुरू व्हायच्या आत बंद कर."